पिल्लू बेल ऐकतं, पण येऊन सांगत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

घरातल्या कर्णबधिर माणसासाठी स्वतःच पिल्लू तयार करणारी जी कुटुंबं माझ्याकडे येतात, त्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार एकच असते. बेल वाजली की पिल्लाचे कान टवकारतात, मान दाराकडे वळते, म्हणजे आवाज पोचतोय हे नक्की. पण ज्याच्यासाठी एवढं शिकवलं त्या माणसापर्यंत ते जातच नाही. लॅब्रडॉर असो, कॉकर असो, की रस्त्यावरून आणलेलं गावठी पिल्लू असो, तक्रार तीच. बहुतेक घरांत तोवर ठरूनही गेलेलं असतं की कुत्रा हट्टी आहे, नाहीतर याला बुद्धीच कमी.

मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दोन्ही निदानं चुकीची निघाली. कुत्र्याला मोबदला कुठे मिळतो आणि बेलला आधी कोण धावतं, या दोन गोष्टींत दोष सापडला. म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच जा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळांचं काम तिथेच होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'बेल सांगणं' हे कुत्र्यासाठी एक काम नसतं, ती साखळी असते: आवाज ऐकणं, हातातलं सोडून उठणं, आपला माणूस शोधणं, त्याला नाकाने किंवा पंजाने स्पर्श करणं, त्याने हाताने 'कुठे?' विचारलं की त्याला आवाजापाशी नेणं. ब्रिटनमध्ये 1982 पासून कर्णबधिरांसाठी कुत्री तयार करणारी संस्था आहे, तिथेही हीच पद्धत. फक्त धुराच्या अलार्मला त्यांचा कुत्रा माणसाला आवाजाकडे नेत नाही. स्पर्श करतो आणि जमिनीवर आडवा होतो, कारण माणसाला आगीकडे नेऊन चालणार नाही. साखळीतली नेमकी कोणती कडी सुटली हे कळलं की उपाय अवघड नसतो. ते न कळता नुसती बेल वाजवत राहिलात, तर कुत्र्याला बेलकडे दुर्लक्ष करायची सवय लागते.

आधी लक्षणं

दोन दिवस काहीही शिकवू नका. फक्त बघा, आणि जमलं तर मोबाइल कपाटावर टेकवून शूटिंग करा. यातलं काय दिसतं?

- कान हलतात, पण पिल्लू जागचं उठत नाही.
- दाराकडे धावतं, भुंकतं आणि तिथेच थांबतं.
- स्पर्श करतं, पण भलत्याच माणसाला. बहुधा जी व्यक्ती जेवण देते तिला.
- आवाज नसताना येऊन पंजा मारतं आणि खाऊची वाट बघतं.
- मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगला चोख काम करतं, खऱ्या बेलला नाही.
- दिवसा सांगतं, माणूस झोपलेला असला की नाही.
- आवाज झाला की शेपूट पायांत घालून पलंगाखाली जातं.

शेवटचं लक्षण दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट कान आणि भीतीबद्दल लिहिलंय तिथे जा. भ्यालेल्या पिल्लाला पुढच्या युक्त्या लावल्या तर भीती पक्की होते.

पहिली तपासणी: बेल, सेल आणि बंद दारं

हे इतकं साधं आहे की कोणी तपासतच नाही. वायरलेस बेलच्या बटणातला छोटा सेल उतरत आला की बेल कधी वाजते, कधी नाही. ऐकणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. कर्णबधिर माणूस एकटा राहत असेल तर त्याला कळायला मार्ग नाही, आणि दोष जातो कुत्र्यावर. शेजाऱ्यांना चार-पाच वेळा बटण दाबायला सांगा आणि दर वेळी बेलच्या डब्यावर तळहात ठेवून कंपन जाणवतं का पाहा. हल्ली मोबाइलमध्येही बेल ओळखून फोन थरथरवण्याची सोय असते, ती चालू करून पडताळता येतं.

दुसरं म्हणजे बेलची धून. बाजारातल्या बऱ्याच बेलमध्ये ढीगभर धुना असतात, आणि एखादं बटण चुकून दाबलं गेलं की 'टिंग टाँग'ची आरती होते. आपल्यासाठी दोन्ही बेलच, पिल्लासाठी ते दोन वेगळे आवाज. पक्ष्याच्या किलबिलाटाची बेल असेल तर आजच बदला. खिडकीबाहेर दिवसभर तसेच आवाज होत असतात आणि त्यांना काही अर्थ नसतो हे पिल्लू आधीच शिकलेलं असतं. साधी, दोन सुरांची बेल सगळ्यात चांगली.

तिसरं, एसीसाठी लावून घेतलेलं बेडरूमचं दार. पिल्लू बाहेर आणि माणूस आत असेल तर सांगणार कसं? दार फटीपुरतं उघडं राहील असा अडसर लावा.

दुसरी तपासणी: बेलला आधी कोण उठतं?

या तपासणीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांचा दोष इथेच सापडतो.

पुण्यातल्या एका घरात मी सोफ्यावर बसून नुसती बघत होते. कर्णबधिर मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, कुत्री हॉलमध्ये पसरलेली. बेल वाजली. कुत्री उठली, आतल्या खोलीच्या दिशेने दोन पावलं टाकली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजी "आले, आले" म्हणत हात पुसत निघाल्या. कुत्री थबकली. आजींकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, आणि वळून आजींच्या मागे दाराकडे गेली. सगळा प्रकार तीन-चार सेकंदांचा. घरच्यांच्या दृष्टीने कुत्री 'नेहमीसारखी दाराकडे पळाली'. शूटिंग हळू करून दाखवलं तेव्हा ती दोन पावलं सगळ्यांना दिसली. आजी म्हणाल्या, "अगो बाई, म्हणजे ती जातच होती की!"

कुत्रा फार व्यवहारी प्राणी आहे. आपण सांगायच्या आत दार उघडलं जातं हे कळलं की तो सांगणं सोडून देतो. त्याच्या लेखी ते काम झालेलं असतं. म्हणून घरातल्या ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी एकच नियम: बेल वाजली तरी जागचं हलायचं नाही, मान वर करायची नाही, "बेल वाजली बघ" म्हणायचं नाही. ज्याच्यासाठी कुत्रा आहे तो माणूस उठला की मगच बाकीच्यांनी हालचाल करायची. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, विशेषतः ज्येष्ठ मंडळींना, कारण आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवणं त्यांना बरं वाटत नाही. त्यावर उपाय म्हणजे दाराबाहेर चिठ्ठी: 'बेल वाजवल्यावर कृपया दोन मिनिटं थांबा. आमचा कुत्रा काम शिकतो आहे.' कुरिअरवाले, दूधवाले, सगळे समजून घेतात. काही जण तर मुद्दाम विचारतात, आज जमलं का म्हणून.

याचाच दुसरा भाग पाहुण्यांचा. बेल वाजते, पिल्लू दाराशी जातं, दार उघडतं आणि पाहुणा खाली वाकून "अले अले" करत त्याचे लाड करतो. पिल्लासाठी याहून मोठं बक्षीस नाही. आता ते दार सोडून आत कशाला जाईल? पाहुण्यांना स्पष्ट सांगा की कर्णबधिर व्यक्ती दाराशी येऊन 'चालेल' म्हणेपर्यंत कुत्र्याकडे बघायचंही नाही. वाईट वाटून घेणारे असतात. तरी सांगा.

हा नियम आठ-दहा दिवस काटेकोर पाळा आणि मगच पुढे जा. बऱ्याच घरांना पुढे जावं लागत नाही.

तिसरी तपासणी: खाऊ कुठे, कधी आणि कोणाच्या हातून

खाऊ स्पर्श होताक्षणी, कर्णबधिर माणसाच्याच हातून मिळाला पाहिजे. दाराशी नाही, स्वयंपाकघरातल्या डब्यापाशी नाही. डबा आणायला उठलात तर पिल्लाच्या मते बक्षीस डब्याला मिळालं. खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये खाऊ ठेवा, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे.

शिकवणी जेवणाआधी घ्या. पोटभर पोळी-दूध खाल्लेल्या पिल्लाला कोरडं बिस्किट दाखवलं तर ते उठणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. उकडलेलं चिकन किंवा पनीरचा बारीक तुकडा या कामासाठी राखून ठेवा आणि एरवी देऊ नका. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा कुत्र्याला विषारी आहेत, ते चुकूनही नको.

क्लिकरबद्दल, म्हणजे कुत्र्याला 'बरोबर' सांगण्यासाठी दाबून 'टक' असा आवाज काढायच्या छोट्या डबीबद्दल, बरेच जण विचारतात. कर्णबधिर माणसाला क्लिक वाजला की नाही हे ऐकू येत नाही, म्हणून मी अंगठा वर करण्याची खूण सुचवते: अंगठा वर म्हणजे बरोबर, खाऊ येतोय. स्पर्शाच्या क्षणी पिल्लू तुमच्याकडेच बघत असतं, त्यामुळे ही खूण चुकत नाही.

चौथी तपासणी: आवाज काढून टाका

आता बेल विसरा. शांत घरात फक्त स्पर्शाची कडी तपासा. ज्या खुणेवर पिल्लू गुडघ्याला नाक लावतं ती खूण करा आणि बघा, किती खात्रीने येतं? मग परिस्थिती बदला: तुम्ही खुर्चीत, जमिनीवर, पाठमोरे, भांडी घासत, पांघरूण घेऊन पलंगावर. पाठमोरे असताना खूण दिसणार नाही, तिथे एखाद्या मदतनिसाने पिल्लाला तुमच्याकडे पाठवावं. खुर्चीत दहापैकी नऊ वेळा आणि ओट्यापाशी दोनच वेळा येत असेल, तर दोष सापडला. पिल्लाला 'माणसाला स्पर्श कर' हे समजलेलंच नाही, 'खुर्चीतल्या माणसाला स्पर्श कर' एवढंच समजलंय. प्रत्येक जागा वेगळी शिकवावी लागते.

मी शिकवते तेव्हा शेवटच्या कड्या आधी पक्क्या करून घेते. पिल्लाला स्पर्शाचा नाद लागला की मग त्याच्या अलीकडे आवाज जोडते. बहुतेक घरं उलट करतात. आधी बेल वाजवतात आणि पिल्लू काहीतरी करेल म्हणून वाट बघतात.

इथेच खुणांचाही गोंधळ निघतो. ऐकणारा भाऊ तोंडाने "बस" म्हणत शिकवतो, बहीण हाताने खूण करते, आणि पिल्लू भावाचं ऐकतं. घरात एकच भाषा ठरवा आणि ती हाताची असू द्या. ऐकणाऱ्यांनीही तोंड बंद ठेवून हातानेच सांगायचं. आज्ञेची खूण घरात बोलल्या जाणाऱ्या सांकेतिक भाषेतल्या रोजच्या शब्दासारखी नसावी, नाहीतर गप्पा मारताना पिल्लाला उगाच आज्ञा जातात.

पाचवी तपासणी: खोटे निरोप

आवाज नसताना पिल्लू येऊन पंजा मारतं आणि कर्णबधिर माणूस बिचारा खाऊ देतो. आवाज झाला नव्हता हे त्याला कळणार कसं? चार-पाचदा असं झालं की पिल्लाला आवाजाची गरजच उरत नाही. इथे दोष कोणाचाच नसतो, माहितीची सोय नसते. बेलबरोबर पेटणारा दिवा इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. पण तो पिल्लाला सहज दिसणार नाही अशा उंचीवर आणि तुमच्या समोर असावा, नाहीतर ते बेलऐवजी दिवा शिकेल. दिवा पेटला आणि पिल्लू आलं, तर खाऊ. दिवा नाही आणि पिल्लू आलं, तर रागावायचं नाही, खाऊही नाही, शांतपणे कामाला लागायचं. दिवा बसवायचा नसेल तर शिकवणीपुरता समोर एक मदतनीस बसवा, तो बोटाने 'वाजली' किंवा 'नाही' सांगेल.

एक सावधगिरी: खोटा निरोप आला म्हणून पिल्लाला ढकलू किंवा दटावू नका. उद्या खरा आवाज झाला तरी ते यायला बिचकेल.

सहावी तपासणी: खरा आवाज आणि नकली आवाज

कुत्र्याला माणसापेक्षा खूप वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, साधारण 45,000 हर्ट्झपर्यंत. आपली मर्यादा 20,000 च्या आसपास. मोबाइलचा स्पीकर आपल्या कानांना पुरेल एवढंच वाजवतो. त्यामुळे आपल्याला हुबेहूब वाटणारं रेकॉर्डिंग पिल्लाला वेगळं लागू शकतं. शिवाय मोबाइल असतो टेबलावर आणि बेल भिंतीवर, दिशाच वेगळी. रेकॉर्डिंग फक्त ओळख करून देण्यापुरतं वापरा, आणि लवकरात लवकर खऱ्या बटणावर या. मदतनीस बाहेर, तुम्ही आधी बेलजवळ, मग दोन पावलं लांब, मग दुसऱ्या खोलीत.

एका वेळी एकच आवाज शिकवा. बेल पक्की झाल्यावर टायमर, मग मोबाइल, मग हाक. कुकरची शिट्टी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात हवी असते, मी ती शेवटी ठेवते. ती हवी तेव्हा वाजवता येत नाही, जवळून ऐकली तर पिल्लू दचकतं, आणि पिल्लू ओट्यापाशी घुटमळायला लागलं तर गरम भांड्यांचा धोका. टायमर लावा, काम भागतं.

झोपेतलं न सांगणं हे बहुतेक वेळा चौथ्या तपासणीतलंच प्रकरण असतं. दिवसा पलंगावर डोळे मिटून पडा, टायमर वाजू द्या, पिल्लाने पंजा ठेवला की पडल्यापडल्याच खाऊ द्या. रात्रीचा सराव त्यानंतर.

सातवी तपासणी: कान, भीती आणि वय

इथून पुढे काम अवघड आणि थोडं खर्चाचं. कान उघडून वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं, कान खाजवणं दिसलं तर जंतुसंसर्ग असू शकतो. लोंबत्या कानांच्या कॉकर आणि लॅब्रडॉरमध्ये पावसाळ्यात हे फार दिसतं. घरच्या घरी तेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. पशुवैद्याला दाखवा.

पिल्लू आवाज ऐकून गोंधळतं, चुकीच्या दिशेला बघतं, असं होत असेल तर एका कानाने ऐकू येत नसण्याची शक्यता तपासा. आवाजाची दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात. डोक्याचा भाग पांढरा असलेल्या किंवा निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत, आणि डाल्मेशियनमध्ये खास करून, जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं. पिल्लू झोपलेलं असताना एक कान खाली दाबला जातो. त्या वेळी वरच्या कानाच्या बाजूने, अंगावर वारा किंवा जमिनीचं कंपन न जाऊ देता, हलकासा आवाज करा. मग कूस बदलल्यावर तसंच करा. दोन्ही वेळी प्रतिसाद सारखा नसेल तर पशुवैद्याशी बोला. ही घरगुती चाचणी फक्त शंका घेण्यापुरती आहे, निदानासाठी नाही.

भीतीची गोष्ट वेगळी. पिल्लाचं तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय जगाची ओळख होण्याचं. या काळात मिक्सर, हॉर्न, ढोल, लिफ्ट हे सगळं लांबून आणि हळू आवाजात, खाऊबरोबर ऐकायला मिळालं पाहिजे. लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडू नका. हा काळ दिवाळीत गेला आणि पिल्लू फटाक्यांनी भेदरलं, तर नंतर बेललाही ते दचकू शकतं. अशा पिल्लाची बेल कापडात गुंडाळून तिचा आवाज कमी करा, आणि बेल वाजूनही पिल्लू खाऊ खातंय इतका आवाज हळू ठेवून सुरुवात करा. खाऊ नाकारला तर आवाज अजून मोठा आहे.

आणि वय. सहा महिने ते दीड वर्ष हे पौगंडाचं. काल येणारं काम आज विसरल्यासारखं वागतात. या काळात नवीन काही शिकवू नका, येतंय तेच सोप्या जागी, थोडा वेळ करत राहा.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पुढच्यापैकी काही दिसलं तर घरचे प्रयोग त्याच दिवशी बंद करा.

कानात दुखणं, डोकं एका बाजूला कलणं, तोल जाणं, अचानक ऐकू न येणं: पशुवैद्य, उशीर न करता. खाऊवरून किंवा झोपेतून उठवल्यावर गुरगुरणं, दात दाखवणं: कुत्र्यांच्या वर्तनाचा अनुभवी तज्ज्ञ, आणि तोवर लहान मुलं लांब. आवाजाला थरथरणं, लाळ गळणं, लपून बसणं, तास-तासभर न सावरणं: आधी पशुवैद्य, मग वर्तनतज्ज्ञ. वरच्या सगळ्या तपासण्या नीट करूनही तीन-चार आठवड्यांत काडीचा फरक नसेल, तरीही तज्ज्ञच.

गळ्यात खिळ्यांचा पट्टा किंवा शॉकचा पट्टा घालून "पंधरा दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हे काम पिल्लाने आपणहून उठून यायचं आहे, धाकाने ते कधीच उठत नाही.

काही कुत्री या कामाची नसतात. त्यांना आवाजाचं कुतूहलच नसतं, किंवा जगाची फार भीती वाटते. परदेशातल्या मोठ्या संस्थांमध्येही सगळी पिल्लं शेवटपर्यंत पोचत नाहीत. तज्ज्ञाने तसं सांगितलं तर ऐका. तो कुत्रा घरात आनंदाने राहू शकतो, फक्त त्याच्यावर जबाबदारी नको.

आग आणि गॅसगळती यांच्यासाठी कुत्रा कितीही तयार असला तरी चमकणारा दिवा आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती असलेला अलार्म घरात असलाच पाहिजे. कुत्रा आजारी पडतो, बाहेर असतो, गाढ झोपतो.

तज्ज्ञाला बोलवाल तेव्हा दोन व्हिडिओ तयार ठेवा: बेल वाजताना एक दाराच्या बाजूने, एक कर्णबधिर माणसाच्या बाजूने. त्यात एकटा कुत्रा नको, घरातले सगळे दिसू द्या. सोबत मागच्या आठवड्याची नोंद: कोणता आवाज, किती वाजता, पिल्लू कुठे होतं, पहिल्यांदा कोण हललं आणि खाऊ कोणी दिला.